शासनावर भार नाही, मग भार कोणावर?

जून महिना उजाडला की तालुक्याच्या गावातील एस.टी. स्टँडच्या भिंती आणि विजेचे खांब महाविद्यालयांच्या जाहिरातींनी भरून जातात. 'नवीन अभ्यासक्रम सुरू', 'शासनमान्य', 'विद्यापीठ संलग्न', 'मागासवर्गीयांना शिष्यवृत्तीची सोय' अशी ठळक अक्षरे असतात. वर संस्थाध्यक्षांचा हात जोडलेला फोटो असतो, शेजारी त्यांच्या आमदार चिरंजीवांचाही असतो. आमच्या वस्तीतला मजूर बाप तो फलक वाचतो आणि पोरीला विचारतो. पोरगी म्हणते, बाबा, हे शिकले तर नोकरी लागते म्हणतात. बाप हातउसने पैसे घेऊन पहिला हप्ता भरतो. पुढे काय होते ते आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून आम्हाला दरवर्षी कळते.

पत्रे निरनिराळ्या जिल्ह्यांतून येतात. मजकूर मात्र एकच असतो. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अभ्यासक्रमाचे नावच सापडत नाही. महाविद्यालयात विचारले तर ते विद्यापीठाकडे बोट दाखवते. विद्यापीठ म्हणते, आम्ही शासनाला कळवले. समाजकल्याणच्या कार्यालयात गेले तर उत्तर मिळते की, अभ्यासक्रमाची मान्यता आणि मंजूर शुल्क आमच्याकडे आल्याशिवाय आम्ही नाव घालू शकत नाही. या तीन कचेऱ्यांचे हेलपाटे घालता घालता परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख येते आणि फी भरल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. शिकवायला तासिका तत्त्वावरचा एखादा प्राध्यापक, प्रयोगशाळा म्हणून कनिष्ठ महाविद्यालयाचीच खोली, आणि दुसऱ्या वर्षाला वर्गात पंधरा-वीस मुले! तिसऱ्या वर्षी अभ्यासक्रम बंद पडतो. संस्थाचालकाचे काही बिघडत नाही. तो पुढच्या वर्षासाठी दुसऱ्या नावाच्या अभ्यासक्रमाचा प्रस्ताव पाठवतो. पोरीची तीन वर्षे मात्र परत येत नाहीत.

आमचे अनेक वाचक याला नशीब म्हणतात, कोणी कॉलेजच्या क्लार्कला शिव्या देतात. आमचे म्हणणे वेगळे आहे. त्या पोरीचे जे झाले ते तिने प्रवेश घेतला त्या दिवशी झाले नाही. तो अभ्यासक्रम ज्या दिवशी, ज्या बैठकीत, ज्या अटीवर मंजूर झाला त्या दिवशीच ते ठरून गेले होते. त्या बैठकीत आपले कोणी नव्हते. म्हणून नवा अभ्यासक्रम कसा जन्माला येतो, त्याचा प्रस्ताव कोण मांडतो आणि त्यावर शिक्का कोण मारतो, हे चळवळीने एकदा नीट समजून घेतले पाहिजे. हा विषय रुक्ष वाटेल. पण आपल्या मुलांचे भवितव्य ज्या कागदांवर ठरते ते कागद रुक्षच असतात, आणि ते रुक्ष आहेत म्हणून आपण वाचत नाही हे प्रस्थापितांना चांगले माहीत आहे.

महाराष्ट्रात आज यासाठी २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू आहे. १ मार्च २०१७ पासून त्याने १९९४ च्या कायद्याची जागा घेतली. या कायद्याप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाने दर पाच वर्षांसाठी एक बृहत् आराखडा तयार करायचा असतो. कोणत्या तालुक्यात नवे महाविद्यालय हवे, कोणत्या भागात कोणता अभ्यासक्रम हवा, कुठे सोय मुळीच नाही, याची पाहणी करून हा आराखडा करायचा आणि त्यात मागास, दुर्गम, वंचित भागांच्या गरजेचा विशेष विचार करायचा, असे कायदा सांगतो. अधिष्ठात्यांच्या मंडळाने तो करायचा, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद आणि अधिसभा यांच्यापुढे तो जायचा आणि मुख्यमंत्री ज्याचे अध्यक्ष असतात त्या उच्च शिक्षण व विकास आयोगाने त्याला मान्यता द्यायची, असा हा क्रम आहे. २०१९-२० ते २०२३-२४ हा आराखडा संपला; आता २०२४-२५ ते २०२८-२९ चा चालू आहे. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी आपल्या विद्यापीठाचा हा आराखडा पाहिला आहे? आपल्या तालुक्यासाठी त्यात काय लिहिले आहे, हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? आम्ही हा प्रश्न वाचकांना विचारतो तसा स्वतःलाही विचारतो.

आराखड्यात एखाद्या गावासाठी बिंदू पडला की संस्थांची धावपळ सुरू होते. ज्या संस्थेला नवे महाविद्यालय, नवी विद्याशाखा, नवा विषय किंवा जादा तुकडी हवी असते तिने आदल्या वर्षी कुलसचिवांकडे अर्ज करायचा. मूळ कायद्यात त्यासाठी सप्टेंबरअखेरची मुदत घातलेली आहे. त्या अर्जांची छाननी अधिष्ठाता मंडळ करते, व्यवस्थापन परिषद शिफारस करते आणि अर्ज मंत्रालयात जातात. नव्या महाविद्यालयाला शासन आधी इरादा पत्र देते, अटी पूर्ण झाल्या की अंतिम मान्यता देते, त्यानंतर विद्यापीठाची चौकशी समिती पाहणी करते आणि संलग्नीकरण होते. कागदावर ही सगळी व्यवस्था चोख दिसते. गरजेपासून आराखडा, आराखड्यापासून अर्ज, अर्जापासून चौकशी, चौकशीपासून मान्यता! यात खोट कुठे आहे?

पहिली खोट कायद्यातच आहे. १९९४ च्या कायद्याच्या कलम ८२ मध्ये एक परंतुक होते: विद्यापीठाने शिफारस केली नाही असा अर्जही शासन अपवादात्मक परिस्थितीत, कारणे लेखी नोंदवून, मंजूर करू शकते. २०१६ चा कायदा आला, बरेच काही बदलले. पण नव्या महाविद्यालयाच्या इरादा पत्राबाबत ही पळवाट कलम १०९ मध्येही शाबूत राहिली. विद्यापीठाने गरज पाहायची, गुणवत्ता पाहायची आणि नाही म्हणायचे. आणि मंत्रालयाने एका ओळीत होय म्हणायचे! ज्या राज्यात शिक्षणसंस्थांचे चालक आणि राज्यकर्ते एकाच घरात जेवतात त्या राज्यात हे परंतुक कोणाच्या उपयोगाचे आहे हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी खोट याहून मोठी आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. नव्या मान्यतेच्या आदेशात तीन शब्द ठरलेले असतात: 'कायम विनाअनुदान तत्त्वावर'. महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे दार १९८३ साली उघडले. २००१ पासून राज्याने नव्या महाविद्यालयांना कायम विनाअनुदान तत्त्वावरच मान्यता देण्याचे धोरण घेतले. या तीन शब्दांचा सरळ अर्थ असा की, अभ्यासक्रम चालवा, पण शासनावर भार पडता कामा नये. ठीक आहे, शासनावर भार नाही. मग भार कोणावर? भार हवेत राहत नाही. तो कोणाच्या तरी खांद्यावर पडतोच. तो त्या हातउसने करणाऱ्या बापाच्या खांद्यावर पडतो, आणि तासाच्या हिशेबाने राबणाऱ्या, सुट्टीत उपाशी राहणाऱ्या नेट-सेट, पीएच.डी. झालेल्या आमच्याच पोरांच्या खांद्यावर पडतो.

दिल्लीचे धोरणही याच वाटेने चालले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली श्रेणीबद्ध स्वायत्ततेचे नियम आणले. वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठांना आयोगाची परवानगी न घेता नवे अभ्यासक्रम, नवे विभाग सुरू करण्याची मुभा मिळाली. त्या मुभेची अट काय? त्यासाठी सरकारकडे पैसा मागायचा नाही! स्वातंत्र्य हवे तर घ्या, पण पैसे मागू नका. अशा स्वातंत्र्यात नवा अभ्यासक्रम कोणता निघेल? ज्याची फी भरणारे गिऱ्हाईक आहे तोच निघेल. ज्याची समाजाला गरज आहे पण ज्याला गिऱ्हाईक नाही, तो निघणार नाही.

अनुदान नसल्याने आपले सर्वांत मोठे नुकसान कोणते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अनुदानित अभ्यासक्रमाला शासनमंजूर पद असते. पद असले की बिंदुनामावली येते, बिंदुनामावली आली की अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी यांच्या जागा येतात, त्या भरल्या नाहीत तर अनुशेष दाखवावा लागतो आणि त्यासाठी न्यायालयात जाता येते. कायम विनाअनुदान अभ्यासक्रमात वेतनाचे पदच नसते, असते ते तासांचे वेळापत्रक. बिंदुनामावली कागदावर तपासून घेतात आणि प्रत्यक्षात संस्थाचालकाच्या भाच्याला तास देतात. म्हणजे आरक्षण रद्द करण्यासाठी घटनादुरुस्तीची गरज उरली नाही, सभागृहात चर्चेची गरज उरली नाही. नवे ते सगळे विनाअनुदान आणि जुने ते निवृत्तीबरोबर रिकामे, एवढे केले की आरक्षण आपोआप वाळून जाते. आपण आरक्षण बचावच्या परिषदा भरवतो; पण ज्या आदेशाने ते खिळखिळे होते त्या आदेशाच्या तारखेला आपण झोपलेले असतो.

यावर आमच्यातलेच काही मित्र म्हणतात, विनाअनुदानित अभ्यासक्रम निघाले म्हणूनच आमची मुले इंजिनिअर झाली, फ्रीशिपवर शिकली, पुण्या-बंगळुरूला गेली. हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून १९४४ साली सुरू झालेल्या शिष्यवृत्तीने पिढ्यानपिढ्या उभ्या राहिल्या आहेत. पण शिष्यवृत्ती म्हणजे अनुदान नव्हे. अनुदानातून शिक्षकाचा पगार होतो आणि महाविद्यालय उभे राहते, मग तिथे कोणीही शिको. शिष्यवृत्ती एकेका मुलाच्या नावाने येते आणि उशिरा येते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या योजनेसाठी पाच वर्षांचे ५९,०४८ कोटी रुपये मंजूर केले, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के ठरला. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागला. ऐकायला हे चांगले वाटते. पण राज्याचा हिस्सा आधी पडल्याशिवाय केंद्राचा सुटत नाही, आणि दोन्ही पडेपर्यंत महाविद्यालय मुलाला दारात उभे करते. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांवर अडकलेली. व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश घेतला की तेही गेले. आणि अभ्यासक्रम नवा असेल तर पोर्टलवर त्याचे नाव चढेपर्यंत पहिले वर्ष सरते. म्हणून आम्ही म्हणतो की, फ्रीशिपने आपली मुले तरली हे खरे, पण तिच्या भरवशावर सरकारला महाविद्यालयाची जबाबदारी झटकू देणे ही आपली चूक झाली.

ही चूक आपल्या पूर्वसुरींनी केलेली नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुल्यांनी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. रयतेच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेच्या मुलांना प्राथमिक शाळा नाही, हे त्यांनी सरकारला सुनावले. ते सर्वांना माहीत आहे. दुसरी गोष्ट मात्र फार कमी जण सांगतात. सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून ती खाजगी हातांत देऊ नयेत, कारण तसे झाले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि सर्वांना सारखे वागवण्याचे तत्त्वही धोक्यात येईल, असा इशाराही त्यांनी त्याच निवेदनात दिला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दिलेला तो इशारा आज आमच्या तालुक्यातालुक्यांत खरा ठरतो आहे.

बाबासाहेबांनी तर या कारभाराच्या खोलीतच पाऊल ठेवले. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीच्या प्रश्नावलीला त्यांनी सविस्तर उत्तरे दिली. पदवीचे शिक्षण कसे असावे, विद्यापीठ आणि महाविद्यालय यांचे नाते काय असावे, यावर मत मांडले. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले तेव्हा अधिसभेवर मागासवर्गीयांचे प्रतिनिधी असले पाहिजेत असा आग्रह त्यांनी धरला. महाडचा सत्याग्रह आणि अधिसभेवरच्या प्रतिनिधित्वाची मागणी एकाच वर्षातली आहे, हे लक्षात घ्या! तळ्याचे पाणी आणि विद्यापीठाची बैठक यांत त्यांनी लहान-मोठे केले नाही. आपण मात्र तळे लक्षात ठेवले आणि बैठक विसरलो.

पुढे त्यांनी स्वतः संस्था काढली तेव्हा अभ्यासक्रम कोणासाठी, हा प्रश्न आधी ठेवला. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना येता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरले. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठही नव्हते, महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. पदवीच्या शिक्षणाची सोय जिथे जवळजवळ नव्हतीच ती जागा बाबासाहेबांनी निवडली. आज ज्याला बृहत् आराखडा म्हणतात त्याचा खरा अर्थ हा आहे. गिऱ्हाईक कुठे आहे ते पाहून नव्हे, तर गरज कुठे आहे ते पाहून बिंदू टाकायचा.

आता अभ्यासक्रमाच्या आत काय असते ते पाहू. महाविद्यालयाला मान्यता मंत्रालय देते, पण विषयात काय शिकवायचे हे अभ्यास मंडळ ठरवते. मंडळाने मसुदा करायचा, विद्याशाखेने पाहायचा, विद्या परिषदेने मंजूर करायचा. २०१६ च्या कायद्याने अभ्यास मंडळात निवडून आलेल्यांपेक्षा कुलगुरूंनी नेमलेले सदस्य जास्त करून टाकले. म्हणजे कुलगुरू ज्या विचाराचा, मंडळ त्या विचाराचे, आणि मंडळ ज्या विचाराचे, पुस्तक त्या विचाराचे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नावाने २०२३-२४ पासून विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयांत, आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवी श्रेयांक पद्धत आली. तीत 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा दोन श्रेयांकांचा भाग आहे. आम्ही त्या नावाला भीत नाही. तक्षशिला आणि नालंदा भारतीयच आहेत. बुद्धाचा प्रतीत्यसमुत्पाद, नागार्जुनाचे तत्त्वज्ञान, चार्वाकांचा जडवाद, कबीर आणि तुकोबा, जोतीरावांचा सत्यशोधक विचार हे भारतीय ज्ञान नाही तर काय आहे? प्रश्न एवढाच की, त्या दोन श्रेयांकांत हे किती येणार आणि वेदांच्या गौरवगाथा किती येणार. याचा निर्णय रस्त्यावर होत नाही, एका टेबलाभोवती बसलेली दहा-पंधरा माणसे तो घेतात. त्यांत आपला माणूस असेल तर निदान इतिवृत्तात विरोध नोंदवला जाईल. आपला कोणी नसेल तर सारे 'एकमताने मंजूर' होते.

पालीचेच उदाहरण घ्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण फटाके वाजवले, फलक लावले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले आहेत. देशातल्या चार बौद्धांपैकी तीन या राज्यात राहतात. मग आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयात पाली हा विषय का नाही? कारण तसा प्रस्तावच कोणी दिलेला नसतो. विषय आकाशातून पडत नाही. महाविद्यालय विकास समितीने ठराव करावा लागतो, संस्थेने मुदतीत अर्ज करावा लागतो, विद्यार्थी मिळतील हे दाखवावे लागते, शिक्षक दाखवावा लागतो. आपण धम्मपरिषदेत ठराव करतो आणि तो टाळ्यांत विरून जातो. तोच ठराव शंभर पालकांच्या सह्यांनी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला असता तर त्याची आवक नोंद झाली असती.

जे मिळाले ते टिकवण्याचाही प्रश्न आहे. विद्यापीठांत आंबेडकर अध्यासने आणि सामाजिक वंचिततेचा अभ्यास करणारी केंद्रे अनुदान आयोगाच्या पंचवार्षिक योजनांच्या पैशावर उभी राहिली. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली, पंचवार्षिक योजनाच बंद झाल्या, आणि या केंद्रांचे भवितव्य मुदतवाढीवर लोंबकळू लागले. योजनेतून आलेला अभ्यासक्रम योजनेबरोबर जाऊ शकतो; विद्यापीठाच्या मंजूर पदांवर उभा असलेला विभाग सहजासहजी जात नाही. नाव देऊन बोळवण झाली की पद मागायला आपण विसरतो, हे आपले जुने दुखणे आहे.

नावाचा आणखी एक खेळ सांगतो. २०२४ साली बी.बी.ए., बी.एम.एस., बी.सी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि त्यांच्या प्रवेशासाठी राज्याने सामाईक परीक्षा लावली. त्यावर मुंबईतल्या काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून ते बी.कॉम.च्या पोटात घातले. म्हणजे नियंत्रण टाळता आले. यातून एवढेच शिकायचे की, अभ्यासक्रमाचे नाव ही साधी गोष्ट नाही. नाव बदलले की नियम, प्रवेशाची रीत आणि फी हे सगळे बदलू शकते. नाव कोणी, केव्हा आणि का बदलले हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता करायचे काय? रडगाणे गाऊन थांबणे हा या पत्राचा धर्म नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक पदवीधराने नोंदणीकृत पदवीधर म्हणून विद्यापीठात नाव नोंदवावे. अधिसभेवर पदवीधरांच्या दहा जागा असतात, त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि महिला यांची प्रत्येकी एक अशा पाच राखीव असतात. या राखीव जागांवरही आपल्याला बांधील माणूस निवडून येतो की संस्थाचालकांचा हुजऱ्या, हे नोंदणीच्या अर्जांवर ठरते. आपल्या वस्त्यांत पदवीधर हजारोंनी आहेत, यादीत मात्र बोटांवर मोजण्याइतके. आमदारकीच्या उमेदवारीसाठी जेवढी भांडणे होतात त्याच्या दहाव्या हिश्श्याने ही नोंदणी केली तरी चित्र पालटेल.

दुसरी गोष्ट, महाविद्यालय विकास समितीवर स्थानिक क्षेत्रातले चार सदस्य घ्यावे लागतात आणि त्यांत किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. आपल्या गावच्या महाविद्यालयात ते चार कोण आहेत, हे विचारा. तिसरी, माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. इरादा पत्राची प्रत, चौकशी समितीचा अहवाल, मान्य शिक्षकांची यादी मागा. आणि विद्यापीठाने नाकारलेला अर्ज मंत्रालयाने मंजूर केला असेल तर ती 'लेखी नोंदवलेली कारणे' अवश्य मागा. कायद्यानेच ती लिहून ठेवायला सांगितली आहेत. ती लिहिली आहेत की नाहीत हे एकदा महाराष्ट्राला कळू द्या. चौथी, प्रवेश घेण्याआधी पालकांनी चार प्रश्न विचारावेत: या अभ्यासक्रमाच्या मान्यतेचा आदेश कुठे आहे? तो अनुदानित आहे का? शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर त्याचे नाव आज दिसते का? पूर्णवेळ मान्य शिक्षक किती? उत्तर तोंडी नको, कागदावर हवे. समता सैनिक दलाच्या आणि विद्यार्थी संघटनांच्या कार्यकर्त्यांनी जूनमध्ये महाविद्यालयाच्या दारात टेबल टाकून एवढे काम केले तरी कित्येक घरे कर्जापासून वाचतील.

शासनाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. ज्या दिवशी अभ्यासक्रमाला मान्यता, त्याच दिवशी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर त्याची नोंद झाली पाहिजे. नोंद नाही तर प्रवेश नाही. प्रत्येक वार्षिक आराखड्यात, जिथे सोय नाही अशा तालुक्यांसाठी काही अभ्यासक्रम अनुदानासह आणि मंजूर पदांसह ठेवले पाहिजेत. चौकशी समितीचा अहवाल मान्यतेआधी जाहीर झाला पाहिजे. आणि एखादी संस्था अभ्यासक्रम मध्येच बंद करत असेल तर त्या मुलांना दुसरीकडे सामावून घेण्याचा खर्च तिच्याकडून वसूल झाला पाहिजे.

आमच्याच समाजातले काही बांधवही आता संस्थाचालक झाले आहेत. बाबासाहेबांचे नाव दारावर आणि आत विनाअनुदानाचा तोच धंदा, असे होत असेल तर त्यांनाही आम्ही हेच प्रश्न विचारू. नाव मोठे आहे, म्हणून हिशेबही मोठा द्यावा लागेल.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत पोचिराम कांबळे यांच्यापासून गौतम वाघमारे यांच्यापर्यंत किती जणांनी प्राण दिले, किती घरे जळाली, हे या पत्राच्या वाचकांना सांगायला नको. विद्यापीठाच्या दारावरची पाटी बदलायला आपण एवढी किंमत मोजली. त्या दाराच्या आत दर महिन्याला बैठक भरते, विषयपत्रिका वाटली जाते आणि कोणाच्या पोरांनी काय शिकायचे, कोणाच्या पैशाने शिकायचे हे ठरते. तिथली खुर्ची अजून रिकामी आहे. यंदाच्या प्रस्तावांची मुदत येण्याआधी आपल्या तालुक्याचा आराखडा मिळवा, तो दहा जणांत बसून मोठ्याने वाचा आणि आपली मागणी लेखी द्या. एवढे जरी झाले तरी त्या एस.टी. स्टँडवरच्या फलकापुढे उभ्या असलेल्या बापाला आपण तोंड दाखवू शकू.

जयभीम!